सोयापेंड दिली की शेळी गाभण राहत नाही? अर्धवट खरं आहे हे

"सोयापेंड, लसूणघास नको, त्यात हार्मोन असतात, शेळ्या भाकड होतात" हे कधीपासून फिरतंय. झाडाची स्वतःची हार्मोन्स म्हणजे ऑक्झिन, जिबरेलिन वगैरे, त्यांचा इथे संबंधच नाही. भानगड आहे फायटोइस्ट्रोजेनची, म्हणजे इस्ट्रोजेनसारखं काम करणारी वनस्पतींमधली द्रव्यं. भीती अगदीच हवेतली नाहीये, १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्या खरंच गाभण राहीनात. पण त्यांचा मुख्य चाराच तो होता, हे कोणी सांगत नाही! त्या क्लोव्हरमधल्या फॉर्मोनोनेटिन या फायटोइस्ट्रोजेनपासून रूमेनमधले (जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू इक्वॉल हे इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य बनवतात आणि खरा त्रास त्याचाच. सोयातल्या डेडझीन या फायटोइस्ट्रोजेनचंही इक्वॉल होतं, पण सोयातलंच दुसरं, जेनिस्टीन, मात्र रूमेनमध्येच मोडून बरंचसं निकामी होतं, आणि पेंड काही कोणी पोटभर घालत नाही, खुराकात थोडीच असते ना.

लसूणघासीत कुमेस्ट्रॉल हे फायटोइस्ट्रोजेन असतं, पानांवर बुरशीचे ठिपके पडले की ते वाढतं, त्यामुळे शेळ्या बोकडाकडून भरवून घ्यायच्या दिवसांत असा रोगट चारा टाळा. तरी शेळी उलटतच असेल, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत असेल, तर पेंडीला शिव्या घालण्याआधी तिचं वजन, जंत, मिनरल आणि हो, बोकड पण बघा, त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.