कुकी आणि सेशन : कार्टमधला हिशेब कोणाच्या ताब्यात ठेवायचा?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत ई-कॉमर्सचा विषय घेतलेली मुलं प्रोजेक्टला बहुतेक वेळा दुकानच बनवतात. कोणी सावदा-फैजपूरकडचे केळी वेफर्स विकतं, कोणी भरताची वांगी, कोणी कळण्याचं पीठ. मला ही निवड फार आवडते. माल ओळखीचा असला की डेटाबेसमधली टेबलं नीट आखली जातात. वेफर्सला वजन आणि चव असे वेगळे कॉलम लागणार, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

अडतं ते कार्टपाशी, म्हणजे गिऱ्हाइकाने निवडलेला माल जमा होतो तिथे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, "कुकी आणि सेशनमध्ये फरक काय?" लगेच उत्तर येतं, "कुकी क्लायंटवर असते, सेशन सर्व्हरवर." क्लायंट म्हणजे गिऱ्हाइकाचा ब्राउझर, सर्व्हर म्हणजे दुकानाची साइट चालवणारा संगणक. उत्तर बरोबर आहे. पण त्याच प्रोजेक्टचा कोड उघडला तर वेफर्सच्या पाकिटाची किंमत कुकीत ठेवलेली सापडते. माहिती कुठे राहते हे पाठ झालेलं असतं. ती तिथे राहिल्यामुळे कोणाला बदलता येते, हा खरा प्रश्न सुटून जातो.

मुळात या दोघांची गरज का पडली ते आधी पाहू. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही. गिऱ्हाइकाने वेफर्सचं पान उघडलं, मग पिठाचं उघडलं, तर सर्व्हरच्या दृष्टीने त्या दोन सुट्या मागण्या असतात. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत हे त्याला कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर कुकीचा तोडगा काढला, आणि त्यामागे ऑनलाइन दुकानाचीच अडचण होती. एमसीआय या कंपनीला अर्धवट राहिलेल्या खरेदीची माहिती स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायची नव्हती, ती गिऱ्हाइकाच्याच संगणकावर राहावी अशी तिची इच्छा होती. म्हणजे सुरुवातीचा विचार आज आपण मुलांना शिकवतो त्याच्या नेमका उलटा होता. मुलं ज्या भाषेत सर्व्हरवरचा कोड लिहितात त्या पीएचपीमध्ये सेशनची सोय आली ती चौथ्या आवृत्तीसोबत, २००० साली.

कुकी म्हणजे एक नाव आणि त्यापुढे एक मजकूर अशी छोटीशी नोंद. सर्व्हर ती एका हेडरमधून, म्हणजे पानाच्या आधी जाणाऱ्या सूचनेतून, पाठवतो, ब्राउझर जपून ठेवतो आणि त्या साइटकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक मागणीसोबत परत पाठवतो. एका कुकीत साधारण ४०९६ बाइट मावतात. ती प्रत्येक मागणीसोबत ये-जा करते, त्यामुळे तिच्यात सगळी कार्ट कोंबली तर गावाकडच्या कमकुवत नेटवर्कवर उगाच ओझं वाढतं. आणखी एक गोष्ट लॅबमध्ये हमखास गोंधळात टाकते : कुकी सेट करून त्याच पानावर लगेच वाचायला गेलात तर ती रिकामी दिसते. ती अजून ब्राउझरकडे जाऊन परत आलेलीच नसते.

सेशनमध्ये माहिती सर्व्हरवर राहते आणि ब्राउझरकडे फक्त एक लांबलचक, अंदाज लावता न येणारा क्रमांक जातो. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखं हे आहे : चपला आत, बिल्ला तुमच्या हातात. बिल्ल्यावर चपलेचं माप नसतं की रंग नसतो, फक्त नंबर असतो. आता हा नंबर ब्राउझरकडे जातो कसा आणि परत येतो कसा? कुकीतूनच. पीएचपीत त्या कुकीचं नाव पीएचपीसेसआयडी असतं. म्हणून "कुकी वापरू की सेशन?" हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागेवरून सुरू होतो. नेहमीच्या पीएचपी दुकानात सेशन कुकीच्या खांद्यावर बसूनच चालतं. याचा पुरावा तुम्ही पाहिलेला असेल : पानावर आधी काही छापून मग सेशन सुरू केलं, तर कुकी सेट करताना येते तीच "हेडर्स ऑलरेडी सेंट" ही तक्रार येते. आउटपुट बफरिंग, म्हणजे छापलेलं लगेच न पाठवता थोडं साठवून ठेवण्याची सोय, चालू असेल तर ही चूक लॅबमध्ये झाकली जाते आणि होस्टिंगवर टाकल्यावर उघडी पडते.

यावर विश्वास ठेवण्यापेक्षा करून पाहा. झॅम्पवर, म्हणजे आपल्याच संगणकाला सर्व्हर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आपली साइट चालू करा, कार्टमध्ये दोन वस्तू टाका आणि सी ड्राइव्हवरच्या झॅम्पच्या टीएमपी फोल्डरमध्ये जा. तिथे सेस या अक्षरांनी सुरू होणारी फाइल असेल. ती नोटपॅडमध्ये उघडली की कार्टमध्ये टाकलेल्या वस्तू आणि नग वाचता येतात. आता क्रोममध्ये एफ १२ दाबा, ॲप्लिकेशनमधल्या कुकीजमध्ये जा, पीएचपीसेसआयडीचा क्रमांक कॉपी करून ठेवा आणि ती कुकी उडवा. पान रिफ्रेश केलं की कार्ट रिकामी. फाइल मात्र जागेवरच असते; हरवला तो फक्त बिल्ला. मग इनकॉग्निटो खिडकी उघडा, तीच साइट लावा, तिथल्या कुकीत जपून ठेवलेला क्रमांक चिकटवा आणि रिफ्रेश करा. पहिल्या खिडकीतली कार्ट दुसरीत हजर.

या दुसऱ्या भागाकडे मुलांनी नीट लक्ष द्यावं असं मला कळकळीने वाटतं. बिल्ला ज्याच्या हातात, माल त्याचा. सर्व्हर चेहरा पाहत नाही. म्हणून लॉगिन यशस्वी झालं की सेशनचा क्रमांक बदलून घ्यायचा, कुकीला एचटीटीपीओन्ली लावायचं म्हणजे पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही, आणि साइट एचटीटीपीएसवर असेल तर सिक्युअरही लावायचं, म्हणजे ती कुकी सुरक्षित जोडणीवरूनच जाते. प्रोजेक्टमध्ये या दोन-तीन ओळी दिसल्या की मुलाला विषय समजलाय हे लगेच कळतं.

आता किमतीकडे. कुकी गिऱ्हाइकाच्या ताब्यात असते, ती त्याला हवी तशी बदलता येते, आणि त्यासाठी हॅकर असावं लागत नाही. ज्या एफ १२ मधून तुम्ही आत्ता कुकी उडवली, तिथेच २४० चे २४ करता येतात. फॉर्ममधल्या हिडन फील्डचं, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या रकान्याचंही तसंच. कार्टमध्ये फक्त वस्तूचा आयडी आणि नग ठेवा. बिल काढताना किंमत प्रत्येक वेळी प्रॉडक्ट टेबलातून घ्या. नगही तपासा, नाहीतर कोणी उणे ५ पाकिटं मागवून एकूण रक्कम खाली आणेल. सेशनमध्ये किंमत ठेवली तर ती बाहेरून बदलता येत नाही हे खरं, पण दुकानदाराने दुपारी भाव बदलला तर सेशनमध्ये सकाळचाच भाव राहतो. म्हणून तिथेही आयडीच ठेवावा.

मग कुकीत ठेवायचं काय? बदलली तरी दुकानाचं नुकसान होणार नाही असं काहीही. साइट मराठीत हवी की अहिराणीत, शेवटी पाहिलेल्या वस्तू कोणत्या, इतपत.

मुदतीबद्दलही ऐकीव गोष्टी बऱ्याच आहेत. "ब्राउझर बंद केला की सेशन संपतं" म्हणतात. संपते ती ब्राउझरमधली कुकी, तीही तिला वेगळी मुदत दिली नसेल तर. क्रोमला आधीच्या टॅब परत उघडायला सांगून ठेवलं असेल तर तीसुद्धा टिकते. सर्व्हरवरची फाइल आपल्या वेळेने जाते. पीएचपीत त्यासाठी १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं, ही मूळ मर्यादा आहे. पण पंचविसाव्या मिनिटाला फाइल पुसली जाईलच असं नाही. साफसफाई कोणाच्या तरी पुढच्या मागणीसोबत, अधूनमधून होते.

गिऱ्हाइकाने मोबाइलवर भरलेली कार्ट संध्याकाळी संगणकावर दिसायला हवी असेल, तर हे दोघंही पुरे पडत नाहीत. त्याला डेटाबेसमध्ये कार्टचं टेबल हवं : ग्राहकाचा आयडी, वस्तूचा आयडी, नग. लॉगिन झाल्याबरोबर सेशनमधल्या वस्तू त्या टेबलात मिसळून घ्यायच्या.

आणि कॉलेजची लॅब किंवा सायबर कॅफे, जिथे एकाच खुर्चीवर दिवसभर वेगवेगळी माणसं बसतात, तिथे लॉगआउट नीट लिहा. सेशन डिस्ट्रॉय ही एकच ओळ सर्व्हरवरची माहिती पुसते. चालू पानातला सेशनचा ॲरे (कोडच्या हातात असलेली त्या माहितीची यादी) आणि ब्राउझरमधली कुकी तशीच राहते. ॲरे रिकामा करा, कुकीला उलटून गेलेली तारीख द्या, मग डिस्ट्रॉय करा आणि लॉगिनच्या पानावर पाठवा.