वायरलेस माउस : बटणांचे व रिसीव्हरचे बिघाड

वायरलेस माउसच्या तक्रारी बहुतांशी दोन जातींच्या असतात. एकीत बटण दगा देते : एकदा दाबले तरी दोनदा क्लिक होते, ओढत नेलेली फाइल मध्येच सुटते किंवा क्लिक लागतच नाही. दुसरीत माउस आणि संगणक यांच्यामधला रेडिओ दुवा तुटतो : पॉइंटर अडखळतो, उड्या मारतो, काही क्षण गोठून बसतो. पहिला दोष यांत्रिक आहे, दुसरा रेडिओचा किंवा विजेचा. वापरणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच भासतात, आणि मग बटण झिजलेले असताना सेल बदलले जातात.

दोहोंतला फरक एका साध्या प्रयोगाने कळतो. डावे बटण दाबून धरावे, डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर निवडीचा चौकोन ओढावा आणि बटण न सोडता माउस सावकाश गोल फिरवत राहावे. पॉइंटर सलग फिरतो आहे पण चौकोन मोडतो, असे झाले तर दोष बटणाचा. चौकोन शाबूत असून पॉइंटरच थबकत असेल तर दोष दुव्याचा. याला जोड म्हणून तोच माउस दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. तिथे तो नीट चालला तर माउस उघडण्याचे कारणच उरत नाही. सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल करून पाहणेही उपयोगी : त्रास त्याच बोटाखाली राहिला तर बटण खराब, कामाबरोबर दुसऱ्या बोटाखाली गेला तर घोळ सॉफ्टवेअरचा. बटण सोडल्यावरही निवड चिकटून राहत असेल तर विंडोजमधली ‘क्लिकलॉक’ ही सोय चुकून चालू झालेली नाही ना, हे आधी पाहावे.

बटणाच्या प्लास्टिकखाली एक चौकोनी मायक्रोस्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी ताणलेली असते. दाबताच ती झटक्याने खालच्या संपर्कबिंदूवर आदळते आणि तो परिचित ‘टक्’ आवाज येतो. आदळलेली पट्टी लगेच स्थिरावत नाही, काही मिलिसेकंद थरथरते. ही थरथर म्हणजे अनेक क्लिक नव्हेत, हे माउसमधला प्रोग्रॅम जाणतो आणि तेवढा काळ दुर्लक्ष करतो. पट्टीचा ताण कमी झाला किंवा संपर्कबिंदूंवर ऑक्साइडचा थर चढला, की थरथर त्या मुदतीपेक्षा जास्त टिकते आणि एका दाबाचे दोन क्लिक मोजले जातात. माउसमधल्या स्विचमधून वीजप्रवाह अगदी क्षीण वाहतो, त्यामुळे चढलेला थर ठिणगीने जळून जात नाही. ओमरॉनसारख्या कंपन्यांचे स्विच १ कोटी, २ कोटी, ५ कोटी दाबांसाठी असल्याचे सांगितले जाते. हा आकडा यांत्रिक टिकाऊपणाचा असतो. डबल-क्लिकचा रोग त्याच्या कितीतरी आधी जडू शकतो. प्रकाशकिरण अडवून क्लिक ओळखणाऱ्या ऑप्टिकल स्विचमध्ये धातूचा संपर्कच नसल्याने हा विशिष्ट दोष उद्भवत नाही.

उपाय तीन पायऱ्यांचे. काही माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये दुर्लक्षाची ती मुदत वाढवता येते. दोष झाकला जातो, बरा होत नाही. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब सोडून बटण भराभर दाबल्यास काही काळ आराम पडतो. कायमचा उपाय म्हणजे तीन पायांचा नवा स्विच डाखणे (सोल्डर करणे). डाख देता येणाऱ्याला ते फारसे अवघड नाही. खरा वेळ जातो तो स्क्रू शोधण्यात, कारण ते तळाच्या घसरपट्ट्यांखाली किंवा सेलच्या कप्प्यातल्या लेबलाखाली दडवलेले असतात. जुन्या स्विचची पट्टी काढून पुन्हा वाकवण्याचाही एक उपाय सांगितला जातो, पण ती इतकी नाजूक असते की नवा स्विच लावणेच शहाणपणाचे. चाकाने वर सरकताना पान मध्येच खाली उडी मारत असेल तर चाकाचे फिरणे मोजणाऱ्या एन्कोडरमध्ये केस किंवा धूळ गेलेली असते. तिथे बहुधा साफसफाई पुरते.

दुव्याचे दोष शोधताना सुरुवात सेलपासून करावी. सेल उतरला की रिसीव्हरजवळ (संगणकाच्या यूएसबी पोर्टात घातलेल्या, माउसचे संकेत घेणाऱ्या छोट्या तुकड्याजवळ) आणलेला माउस चालतो आणि हातभर मागे नेला की अडखळतो. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा, म्हणून दुसऱ्या प्रकारचा सेल भरलेला असूनही ‘बॅटरी कमी’ असा इशारा येऊ शकतो. गळलेल्या सेलने पत्र्यावर पांढरी खपली धरली असेल तर व्हिनेगरने ओलावलेल्या कापसाच्या काडीने ती काढावी आणि जागा पूर्ण कोरडी करावी. तळाचा लाल दिवा दिसत नाही म्हणून माउस मेला असे समजू नये, कारण बऱ्याच माउसचा प्रकाश अवरक्त असतो.

बहुतेक रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात बोलतात, आणि त्याच पट्ट्यात वाय-फाय आणि ब्लूटूथही असतात. पण सर्वांत त्रासदायक शेजारी निघतो तो संगणकाचाच यूएसबी ३.० पोर्ट. त्यावरून ५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने डेटा जाताना निर्माण होणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केले होते. बाह्य डिस्कवर फाइली उतरत असताना माउस गोठतो आणि काम संपताच सुरळीत होतो, ही याची अचूक खूण. अशा वेळी रिसीव्हर डिस्कपासून लांबच्या यूएसबी २.० पोर्टात घालावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर माउसच्या जवळ आणावा. नवा माउस घेण्याआधी ही केबल लावून पाहावीच. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या आड लावलेल्या रिसीव्हरलाही हाच उपाय लागू पडतो.

थोड्या वेळाने हलवल्यावर पहिला क्लिक गिळला जाणे हा बिघाड नव्हे. माउस झोपेतून उठत असतो. दर वेळी दुवाच तुटत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करण्याची संगणकाला दिलेली परवानगी काढून टाकावी.

रिसीव्हर आणि माउस यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, त्यामुळे दिसायला सारखा दुसरा डोंगल, म्हणजे रिसीव्हर, सहसा चालत नाही. लॉजिटेकच्या २००९ च्या युनिफाइंग रिसीव्हरवर सहापर्यंत उपकरणे नव्याने जोडता येतात, मात्र त्याच कंपनीचा २०२१ चा ‘बोल्ट’ रिसीव्हर त्याच्याशी जुळत नाही. ब्लूटूथ माउसला डोंगल लागत नाही, पण एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतील तर एकीत केलेले पेअरिंग (जोडणी) दुसरीतले बहुधा मोडते, कारण जोडणी ओळखण्याच्या दोघींच्या गुप्त किल्ल्या वेगळ्या असतात.