ताठ बांगडा आणि फॉस्फेटचा हिशेब

मालवणच्या बंदरावर आजीबरोबर मासळी घ्यायला गेलं की ती बांगडा डोक्याकडून धरायची, आडवा. शेपूट खाली लोंबली की मासा परत टोपलीत. काठीसारखा ताठ राहिला तरच भावाची घासाघीस सुरू. विकणारी म्हणायची, "सकाळच्या रापणीचो आसा गो, कल्ले बग!" आजी कल्लेही बघायची, पण तिचा निकाल शेपटीवर लागलेला असायचा.

पुढे कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या तासाला न्यूक्लिओसाइड आणि न्यूक्लिओटाइड हे दोन शब्द आले. मधल्या एका अक्षराचा फरक, आणि परीक्षेत मी हमखास उलट लिहायचे. आमच्या सरांनी तो धडा फळ्याऐवजी बांगड्यावर शिकवला असता तर माझे चार मार्क वाचले असते.

गोष्ट तीन तुकड्यांची आहे. पहिला तुकडा म्हणजे बेस, कार्बन आणि नायट्रोजनच्या कड्यांचा चपटा रेणू. त्याला साखर जोडली की झाला न्यूक्लिओसाइड. त्या साखरेला फॉस्फेट जोडलं की न्यूक्लिओटाइड. साखर आपल्या डब्यातली नव्हे. आरएनए आणि डीएनए, म्हणजे पेशीतली आनुवंशिक माहिती अक्षरांसारखी वाहणाऱ्या न्यूक्लिओटाइडच्या माळा. आरएनएमध्ये ही साखर राइबोज असते, आणि डीएनएमध्ये त्याच राइबोजमधला एक ऑक्सिजन कमी असतो. ही जोडणी कोणत्या क्रमाने होते ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फीबस लेव्हिन यांनी उलगडलं.

आता बांगडा. अॅडेनिन हा बेस, त्याला राइबोज जोडलं की अॅडेनोसिन, आणि त्यावर तीन फॉस्फेट चढवले की अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी. स्नायूंचा रोजचा रोख पैसा. हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि त्याच सुमारास अमेरिकेत सायरस फिस्के आणि आपल्या एल्लाप्रगडा सुब्बाराव यांना स्नायूंतूनच सापडला. स्नायू आकसायला एटीपी लागतो हे सगळ्यांना पटतं. गंमत अशी की आकसलेले धागे एकमेकांपासून सुटायलाही एटीपीच लागतो.

मासा मेला की श्वास थांबतो, नवा एटीपी तयार होणं मंदावतं आणि अंगातली शिल्लक संपत जाते. जाळ्यात जास्त तडफडलेल्या माशाची लवकर संपते. शिल्लक संपली की स्नायूंचे धागे जिथे अडकले तिथेच राहतात आणि बांगडा ताठ होतो. आजीच्या हातातली काठी ती हीच. नुकताच मेलेला मासा खरं तर मऊ असतो, पण तो पाहायचा तर होडीवरच असायला हवं.

इथून पुढे माशाच्या स्वतःच्याच एन्झाइम्सचं काम चालू होतं. एटीपीचा एक फॉस्फेट जातो, एडीपी उरतो. दुसरा जातो, एएमपी. मग एएमपीच्या बेसवरचा नायट्रोजनचा एक गट निघून त्या जागी ऑक्सिजन येतो आणि तयार होतो आयएमपी, म्हणजे इनोसिनिक आम्ल. एक फॉस्फेट अजून शाबूत आहे, म्हणून हाही न्यूक्लिओटाइडच. इथवरचा प्रवास झपाट्याने होतो, त्यामुळे बांगडा ताठ असताना त्याच्या मांसात आयएमपी भरपूर साचलेला असतो. आणि चव असते ती याच्यात! युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ साली मांसाच्या रश्श्यातून हे आम्ल वेगळं काढलं. त्याच्या चवीचं महत्त्व मात्र १९१३ साली जपानच्या शिंतारो कोदामा यांनी ओळखलं, सुकवलेल्या माशाचा अभ्यास करताना. त्या चवीला जपानी लोक उमामी म्हणतात. वेफर्सच्या पाकिटावर ६३१ हा आकडा दिसला तर तो याच आम्लाचा सोडियम क्षार. तिरफळं घातलेल्या तिखल्यात तो पाकिटाशिवाय येतो.

पुढची पायरी संथ आहे, पण वाईट. आयएमपीचा उरलेला फॉस्फेट गळतो आणि राहतो इनोसिन. फॉस्फेट नाही, म्हणजे हा न्यूक्लिओसाइड. चव जवळपास गेली. मग साखरही सुटते आणि नुसता बेस उरतो, हायपोझँथिन. हा कडवट. मासा नासलेला नाही, वासही येत नाही, तरी कालवणाला काहीतरी कमी आहे असं वाटतं ते इथे. नाकाला कळणारा वास पुढे जिवाणू आणतात. बर्फ या सगळ्या पायऱ्या थांबवत नाही, फक्त लांबवतो.

जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ साली यावरून ताजेपणाचं माप काढलं, त्याला के मूल्य म्हणतात. एटीपीपासून हायपोझँथिनपर्यंतच्या सगळ्या मालात इनोसिन आणि हायपोझँथिन मिळून शेकडा किती, इतकाच हिशेब. २०च्या आत असेल तर मासा कच्चा खाण्याइतका ताजा धरतात. सगळे मासे मात्र एका वेगाने उतरत नाहीत, त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लावून चालत नाही. आणि माकूल, म्हणजे स्क्विड, तर वाटच वेगळी धरतो: त्याच्या अंगात एएमपीचा आधी फॉस्फेट जातो, मग अॅडेनोसिनचा इनोसिन होतो. आयएमपीच्या स्टेशनवर त्याची गाडी जवळपास थांबतच नाही.

नावांबद्दल एक तक्रार करायचीच आहे. अॅडेनिनचं अॅडेनोसिन, ग्वानिनचं ग्वानोसिन, इथवर ठीक. पण सायटोसिन हा नावावरून न्यूक्लिओसाइड वाटतो आणि निघतो बेस. त्याच्या न्यूक्लिओसाइडचं नाव सायटिडीन. हायपोझँथिनचा न्यूक्लिओसाइड इनोसिन, म्हणजे बापलेकांच्या आडनावाचा मेळच नाही. थायमिन हा डीएनएतला बेस, आणि थायामिन हे बी-१ जीवनसत्त्व, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. हा घोळ घालणाऱ्यांना माझे चार मार्क मागायला हवेत.

ग्वानिनचं नाव मात्र मला आवडतं. १८४४ साली ते समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतात, ग्वानोत, सापडलं म्हणून हे नाव. वाकटी साफ करताना हाताला जी चांदी लागते तीही ग्वानिनच. त्याचे पातळ स्फटिक माशाच्या कातडीत एकावर एक रचलेले असतात आणि उजेड आरशासारखा परतवतात. फ्रान्समध्ये माशांच्या खवल्यांवरची ही चांदी खरवडून खोटे मोती बनवायचे. त्याच ग्वानिनला साखर आणि फॉस्फेट जोडले की माशाच्या डीएनएतलं एक अक्षर तयार. कातडीवर आरसा, पेशीत अक्षर.

हायपोझँथिनची साखळी पुढे आपल्या पोटात गेल्यावरही चालूच राहते. आपलं शरीर त्याचं आधी झँथिन आणि मग युरिक आम्ल करतं. बऱ्याच प्राण्यांना युरिक आम्लही पुढे फोडता येतं, माणसाला येत नाही; ते मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं. नाही टाकलं गेलं तर सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक बसतात. आमच्या काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात ते बसले, तेव्हा डॉक्टरांनी पेडवे बंद करायला सांगितले. काकांनी विचारलं, "आणि बांगडो?" डॉक्टर म्हणाले, तोही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "नुसती कढी चलात?"