उभ्या बेटावरची आडवी वाट

मदेइराच्या विमानतळाची धावपट्टी खांबांवर उभी आहे. १९६४ साली विमानतळ सुरू झाला तेव्हा ती जेमतेम १,६०० मीटर होती. मोठी विमानं उतरवायची तर पट्टी वाढवायला हवी, पण वाढवणार कुठे? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. शेवटी २००० साली १८० काँक्रीटच्या खांबांवर तिचा पुढचा भाग बांधला आणि लांबी २,७८१ मीटर झाली. आज तिच्या पोटाखालून रस्ता जातो. डोंगरावरून घसरत येणारा वारा विमानांना इतके हेलकावे देतो की कधीकधी ती शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर वळवावी लागतात.

सपाट जागा नसणं ही या बेटाची पहिली ओळख. इथे सुट्टीला आलेला माणूस कडे, ढग, गर्द रान, धबधबे आणि फुंशाल शहराची उतरती कौलारू घरं बघून खूश होतो. मला मात्र हे सगळं एकाच गोष्टीचे परिणाम वाटतात. ती गोष्ट म्हणजे उतार. मदेइराचं हवामान, जंगल, पाणी, शेती, इतकंच काय तिथले किडे आणि उंदीर समजून घ्यायचे, तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

हे बेट पोर्तुगालचं, पण लिस्बनपेक्षा मोरोक्कोचा किनारा त्याला जवळ. क्षेत्रफळ सुमारे ७४१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याइतकं. एवढ्याशा जागेत पिको रुइवो हे शिखर १,८६२ मीटरपर्यंत चढतं. शिवाय दिसतं ते फक्त टोक. आजूबाजूचा अटलांटिक सुमारे चार किलोमीटर खोल आहे आणि ज्वालामुखीचा पाया त्या तळाशी आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत पन्नास लाखांहून अधिक वर्षांपूर्वी हा डोंगर पाण्याबाहेर आला. शेवटचे उद्रेक काही हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हापासून बांधकाम थांबलंय आणि मोडतोड चालू आहे. कुरल दास फ्रेइरस हे गाव ज्या खोल वाटोळ्या दरीत वसलंय, ती बघून कुणालाही वाटेल की हेच ज्वालामुखीचं मुख. पण ती दरी पाण्याने आणि दरडींनी कोरली आहे.

दरडींचं काम किनाऱ्यावर जास्त ठळक दिसतं. काबो जिरांव हा कडा ५८० मीटर उंच आहे आणि त्याच्या टोकाला काचेचा सज्जा काढलाय. काचेखालून खाली पाहिलं की पायथ्याशी हिरव्या शेतांची चिंचोळी पट्टी दिसते. अशा पट्ट्यांना इथे ‘फाजा’ म्हणतात. कड्याचा तुकडा कोसळून समुद्रात पसरला की फाजा तयार होते आणि मग लोक तिथे भाजीपाला, द्राक्षं, केळी लावतात. १९३० साली याच कड्यावरून कोसळलेल्या दरडीने समुद्रात मोठी लाट उठवली आणि किनाऱ्यावरची माणसं वाहून गेली.

पुळण शोधत येणाऱ्यांची इथे निराशा होते. किनारा इतक्या झपाट्याने खोल होतो की वाळू साचायला जागाच उरत नाही. बहुतेक ठिकाणी काळे गोटे असतात. काल्येता गावात सोनेरी वाळूचा किनारा आहे, पण तिथली वाळू मोरोक्कोहून आणून टाकली आहे. खरी पुळण हवी असेल तर पोर्तो सांतोला जावं. ते बेट वयाने मोठं, झिजून बुटकं झालेलं, आणि त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर नऊ किलोमीटर सलग वाळू आहे.

मदेइराच्या किनाऱ्यालगतच्या खोल समुद्राचा एक फायदा मात्र ताटात येतो. ‘एश्पादा’ नावाचा काळा, लांबट, दातेरी मासा जवळपास हजार मीटर खोलीवर राहतो. इतर ठिकाणी असा मासा धरायला किनाऱ्यापासून फार दूर जावं लागतं. इथे कामारा द लोबोसचे कोळी लहान होड्यांतून निघायचे आणि गावापासून फारसं दूर न जाता रात्री लांब दोरीचे गळ खोल सोडायचे. हा मासा इथे तळलेल्या केळ्यासोबत वाढतात. मला ती जोडी फारशी पटली नाही, पण मासा अप्रतिम.

आता वर, ढगांकडे. या अक्षांशावर वर्षातला बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरून ओलावा घेऊन ते बेटाच्या उत्तर बाजूवर आदळतात, वर ढकलले जातात, थंड होतात, आणि ढग बनतात. उत्तरेकडचं बेट हिरवंगार आणि ओलं, तर दक्षिणेकडचं फुंशाल उन्हात. महाबळेश्वरहून फलटणला उतरताना पावसाचं जे होतं तेच इथे होतं, फक्त दिशा उत्तर-दक्षिण आणि अंतर आणखी कमी. फुंशालमध्ये वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माथ्याच्या भागात त्याच्या कित्येक पट.

पण हे ढग मनाला येईल तितके वर चढत नाहीत. वायव्येला अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या बाजूला हवेच्या जास्त दाबाचं केंद्र असतं. तिथली हवा वरून खाली येताना दाबली जाते आणि तापते. त्यामुळे थंड, ओल्या थरावर उबदार, कोरड्या हवेचं झाकण बसतं. ढग त्या झाकणाखाली अडकून आडवे पसरतात. म्हणूनच खाली धुकं असताना गाडीने १,८१८ मीटरच्या पिको दो आरिएरोवर गेलं की एकदम निळं आकाश लागतं आणि ढग पायाखाली राहतात. लोक सूर्योदयाला तिथे गर्दी करतात. दृश्य सुंदरच आहे, पण मला त्या ढगांच्या आत जास्त रस आहे.

ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर तरंगत जातात. वाटेत पान आलं तर हवा त्याला वळसा घालते, पण थेंबाला स्वतःचं वजन असतं. तो तितक्या चटकन वळू शकत नाही आणि पानावर आपटतो. असे अनेक थेंब मिळून मोठा थेंब होतो आणि ठिबकतो. पान जितकं अरुंद, तितकं ते थेंब चांगले टिपतं, कारण रुंद पानापुढे हवेला आधीपासूनच वळायला वेळ मिळतो. इथल्या झाडासारख्या उंच वाढणाऱ्या ‘हीथ’ या झुडपाची पानं सुईसारखी बारीक आहेत. जंगलात उभं राहिलं तर पाऊस नसतानाही झाडाखालची जमीन ओली आणि चार पावलांवरची उघडी वाट कोरडी, असं दिसू शकतं. पर्जन्यमापकात न येणारं हे पाणी बेटाच्या हिशेबात मोठी जमेची बाजू आहे. झाडं तोडली की ढग तेच राहतात, पण हे उत्पन्न बंद होतं.

या जंगलाचं नाव लाउरिसिल्वा. तिल, विन्यातिको, लोरेल ही त्यातली मुख्य झाडं, आणि ती आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली. अशी सदाहरित जंगलं लाखो वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राभोवती पसरली होती; तिथल्या खडकांत त्यांच्या पानांचे जीवाश्म सापडतात. हवामान कोरडं होत गेलं, हिमयुगं आली आणि युरोपच्या मुख्य भूमीवरून ती जवळपास संपली. मदेइरावर समुद्रामुळे थंडी सौम्य राहिली आणि हवामान बदललं तरी झाडांना काही शे मीटर वर किंवा खाली सरकून भागवता आलं. इथली प्रत्येक जात तितकी जुनी नाही, काही नंतर कबुतरांच्या पोटातून आल्या असणार. पण या प्रकारचं सलग जंगल याहून मोठं आज कुठेच उरलेलं नाही. सुमारे पंधरा हजार हेक्टर शिल्लक आहे आणि १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ते टिकलं ते मुख्यतः उत्तरेकडच्या उभ्या कड्यांवर, जिथे नांगर धरायला जागा नव्हती.

पोर्तुगीज वस्ती १४२० च्या सुमारास सुरू झाली. त्यांना ऊस लावायचा होता. ऊन दक्षिणेला, पाणी उत्तरेला आणि मध्ये डोंगराची भिंत. यातून ‘लेवादा’ जन्माला आली. लेवादा म्हणजे डोंगराच्या अंगाला धरून, अगदी नाममात्र उताराने नेलेला पाट. ज्यांनी तो कोरला त्यांत गुलाम आणि कैदीही होते. कड्यावरून दोराने टोपल्या सोडून, हातातल्या हत्यारांनी. लहान-मोठे फाटे धरले तर या पाटांची लांबी दोन हजार किलोमीटरच्या घरात जाते.

पाट सुरू कुठे होतो, हे भूगर्भ ठरवतो. पाउल दा सेर्रा हे बेटावरचं जवळपास एकमेव पठार. त्यावर पडलेलं पाणी भेगाळ लाव्ह्यात मुरतं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये राखेचे घट्ट थर असतात, शिवाय आत उभ्या शिरलेल्या खडकांच्या भिंती असतात. तिथे पाणी अडतं आणि डोंगराच्या मध्यावर झऱ्यांनी बाहेर येतं. रबासाल भागात ‘पंचवीस झरे’ नावाची जागा आहे, तिथे हे डोळ्यांनी दिसतं: खडकाच्या एकाच पातळीवरून पाण्याच्या अनेक धारा. पाट तिथूनच पाणी उचलतो. पुढे हेच पाणी शेतात जाण्याआधी वीज करतं. १९५३ साली पहिली मोठी जलविद्युत केंद्रं सुरू झाली. शेतकऱ्याचा हक्क पाण्याच्या पाळीच्या तासांवर मोजला जातो आणि पाट साफ ठेवून दारं उघडणारा माणूस आजही नेमलेला असतो.

प्रवाशाला यातून मिळालेली देणगी म्हणजे पाटाच्या कडेची, देखभालीसाठी ठेवलेली पायवाट. ज्या बेटावर घराबाहेर पडलं की चढ नाहीतर उतार, तिथे कड्याच्या पोटातून मैलोन्‌मैल जवळपास सपाट चालता येतं.

चालताना एखादा भुंगेरा दिसला तर जरा थांबा. टॉमस वोलास्टन नावाचे इंग्रज कीटकतज्ज्ञ छातीच्या विकारामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथे येऊन राहत. त्यांनी जमवलेल्या ५५० जातींपैकी २०० भुंगेऱ्यांना उडता येईल असे पंख नव्हते. डार्विनने हे आकडे १८५९ च्या आपल्या ग्रंथात वापरले. त्याचा तर्क असा: वाऱ्याच्या बेटावर जो जास्त उडतो तो समुद्रात जातो, आळशी आणि अधू पंखांचे मागे राहतात आणि पिढ्या वाढवतात. दक्षिण महासागरातल्या बेटांवरचे कीटक तपासून २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की वारा आणि पंख गमावणं यांचा संबंध खरंच आहे. मात्र वाऱ्यात उडण्याचा खर्च परवडत नाही, हेही कारण त्यात असावं. गंमत म्हणजे वोलास्टन यांनी स्वतः डार्विनच्या सिद्धान्तावर कडक टीका केली. आणि डार्विनने मदेइरा कधी पाहिलंच नाही. १८३२ च्या जानेवारीत त्याचं जहाज जवळून गेलं, तेव्हा तो बोट लागून पडला होता आणि बेट बघायलाही उठला नाही.

उंदरांची गोष्ट याहून नवलाची. घरातल्या साध्या उंदराच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात. २००० साली फ्रेंच संशोधक जनीस ब्रिटन-डेव्हिडियन आणि सहकाऱ्यांनी मदेइराचे उंदीर तपासले, तर त्यांत सहा वेगळे गट निघाले आणि गुणसूत्रांची संख्या २२ ते ३०. जनुकं हरवली नव्हती. गुणसूत्रं दोन-दोन करून जोडली गेली होती, पण प्रत्येक गटात वेगवेगळ्या जोड्यांनी. अशा दोन गटांचा संकर झाला तर पुढच्या पिढीत बीजपेशी बनताना गोंधळ होतो, म्हणजे वेगळ्या जाती होण्याच्या दिशेने हे एक पाऊल. बाहेरून मात्र सगळे उंदीर सारखेच. दोन दऱ्यांमधली धार ओलांडणं त्यांना जड जातं, त्यामुळे एकेका दरीत आपापसातच वंश वाढला.

हे उंदीर आले कधी? पोर्तुगीजांबरोबर, असं वाटणं साहजिक आहे. पण बेटाच्या पूर्व टोकाला सांव लोरेन्सो भूशिरावर सापडलेल्या उंदरांच्या हाडांचं कार्बन कालमापन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यातलं एक हाड इसवी सन १०३६ च्या आधीचं ठरलं. पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी एखादं जहाज इथे लागलं होतं. आजच्या मदेइरी उंदरांचा आईकडून येणारा डीएनए स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीतल्या उंदरांशी जुळतो. संशय व्हायकिंगांवर, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या दर्यावर्दी लोकांवर आहे, आणि कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नाही.

उताराशी फारसा संबंध नसलेली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. इथली वाइन भारताच्या वाटेवरच्या जहाजांत भरली जायची. उष्ण कटिबंध दोनदा ओलांडून काही पिंपं परत आली, तेव्हा ती बिघडण्याऐवजी सुधारली होती. पुढे अशा फिरून आलेल्या वाइनला जास्त भाव मिळू लागला. आता तीच उष्णता बेटावरच देतात: काही वाइन टाक्यांत तीन महिने ४५ ते ५० अंशांना तापवतात, तर उंची वाइन पोटमाळ्यावरच्या पिंपांत वर्षानुवर्षं उन्हाने गरम होत राहते. उष्णता आणि प्राणवायू यांनी जे बिघडायचं ते आधीच बिघडून गेलेलं असल्याने उघडलेली बाटलीही महिनोन्‌महिने टिकते.

उताराचा हिशेब चुकताही करावा लागतो. २० फेब्रुवारी २०१० रोजी डोंगरमाथ्यावर प्रचंड पाऊस झाला. इथल्या नद्या आखूड आणि उभ्या. माथ्यावरचं पाणी दगड-चिखल घेऊन थोड्याच वेळात फुंशालच्या रस्त्यांवर उतरलं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वणवा लागला आणि शिखरांजवळच्या कपारींत घरटी करणाऱ्या झिनोज पेट्रेल या अत्यंत दुर्मीळ समुद्रपक्ष्याची बरीच पिल्लं मेली. या पक्ष्याच्या जगभरात साधारण ६५ ते ८० जोड्या आहेत, आणि त्या सगळ्या याच डोंगरात.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. एकच पाट निवडायचा तर मी काल्देइराव वेर्द सुचवेन: जंगल, बोगदे आणि शेवटी धबधबा. बोगद्यांत मिट्ट काळोख असतो आणि छत बुटकं, तेव्हा विजेरी न्यावी. फनाल भागातली जुनी तिल झाडं धुक्यात बघायची असतील तर दुपारनंतर जावं, सकाळी बरेचदा स्वच्छ असतं. फुंशालमध्ये ऊन पाहून पातळ कपड्यांत निघू नये, वर दहा-बारा अंशांचा फरक सहज पडतो. ऑगस्ट २०२४ च्या वणव्यानंतर डोंगरातल्या काही वाटा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, आणि पावसाळी दिवसांत दरडींमुळे एरवीही त्या बंद होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी वाट उघडी आहे ना, हे सरकारी यादीत पाहावं; आणि पाटाच्या कडेला सगळीकडे कठडा असेलच असं धरून चालू नये.