नाव एकच, मेमरी निम्मी

ग्राफिक्स कार्ड घेताना खोक्यावरचं नाव सगळेच वाचतात, शेजारचा मेमरीचा जीबीमधला आकडा मात्र नजरेतून निसटतो. २०२५ साली आलेली एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. चिप तीच, नाव तेच. आमच्या मते ही ग्राहकाची दिशाभूल आहे, कारण गेम अडखळतो तो बहुधा याच फरकामुळे.

५०६० टीआयची चिप स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचते. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं) एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, म्हणजे तेवढ्यात साधारण साडेसात जीबी. मेमरी भरली की उरलेली टेक्स्चर्स (भिंती-रस्त्यांवर चढवलेली चित्रं) कॉम्प्युटरच्या रॅममध्ये जातात आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून आणावी लागतात. हे कार्ड स्लॉटच्या १६ पैकी ८ च लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. बोर्ड पीसीआय एक्सप्रेस (या स्लॉटचं मानक) ३.० चा, म्हणजे जुन्या पिढीचा असेल तर त्यातून सेकंदाला जेमतेम ८ जीबी येतात, म्हणजे एका फ्रेमला १३० एमबी! म्हणून सरासरी एफपीएस चांगला दिसतो, पण गेममध्ये गाडी नव्या रस्त्याला लागली की चित्र क्षणभर थिजतं, नाहीतर भिंतींवरची अक्षरं धूसरच राहतात.

४.० च्या बोर्डवर हा वेग दुप्पट होतो. मात्र रायझन ५ ५६००जी प्रोसेसर असेल, तर बोर्ड ४.० चालवू शकणारा बी५५० असूनही स्लॉट ३.० नेच चालतो. बजेट पीसीत हा प्रोसेसर बराच दिसतो, तेव्हा आधी तपासा. ९०६० एक्सटी सगळ्या १६ लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डवर आमची पसंती त्यालाच, आणि तेही १६ जीबीचं.

फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक १०८०पी स्क्रीनवर खेळायचं असेल तर ८ जीबी पुरते. १४४०पी स्क्रीनला पिक्सेल २१ लाखांवरून ३७ लाखांवर जातात, तिथे ८ जीबीचं कार्ड घेऊ नये. घरात आधीच ८ जीबीचं असेल तर सगळ्यात आधी टेक्स्चर क्वालिटी अल्ट्रावरून हायवर आणा. मेमरी तीच खाते. शॅडो कमी करून हे अडखळणं फारसं जात नाही.

पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर ‘५०० वॉट’ छापलेलं असलं तरी १२ व्होल्टसमोरचा अँपिअरचा आकडा बघा. २५ असेल तर प्रत्यक्षात हाती ३०० वॉटच आहेत. एकटं ५०६० टीआयच १८० वॉट घेतं. चांगल्या बनावटीचा ५५० वॉटचा एसएमपीएस पुरतो.

पैसे कमी पडत असतील तर इंटेलचं आर्क बी५८० आहे, १२ जीबीचं. त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) ‘रिसायझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागतंच, नाहीतर एफपीएस फार पडतो. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर मग पीसी सुरूच होत नाही. कार्ड बिघडलं असं समजून ते परत करायला धावू नका. सीएसएम पुन्हा चालू करा, डेटाचा बॅकअप घ्या, विंडोजमधल्याच ‘एमबीआर२जीपीटी’ने तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करा आणि मग सीएसएम बंद करा.