आधार बायोमेट्रिक लॉक

बोटांचे ठसे, बुबुळे आणि चेहरा यांवरून होणारी आधार पडताळणी आधारधारकाला स्वतः बंद ठेवता यावी म्हणून भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने दिलेली विनामूल्य सोय. लॉक असतानाही ओटीपीवरची पडताळणी सुरूच राहते.

या लॉकची खरी गरज एईपीएसमुळे, म्हणजे आधारवरून बँक खात्यातले पैसे काढण्याच्या पद्धतीमुळे पडते. या पद्धतीत बँक मित्राच्या (गावोगावी बँकेची कामे करणाऱ्या प्रतिनिधीच्या) मशीनवर बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. पिन किंवा ओटीपी लागत नाही. जमिनीच्या दस्तावर मात्र ठसा आणि आधार क्रमांक दोन्ही असू शकतात. ऑनलाइन मिळालेल्या दस्तांवरून ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याची प्रकरणे तेलंगण व हरियाणात उघडकीस आली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, ठसा जन्मभर तोच राहतो. २०२३ मध्ये प्राधिकरणाने ठशातील बिंदूंबरोबर बोटाची प्रतिमाही तपासणारी, बोट जिवंत आहे का हे पाहणारी पद्धत आणली. तरीही जो अंगठ्याने पैसे काढत नाही, त्याने लॉक लावून ठेवणेच शहाणपणाचे.

मायआधार पोर्टलवर आधार क्रमांक, कॅप्चा आणि ओटीपी टाकून लॉग-इन करावे, बायोमेट्रिक लॉकचा पर्याय उघडून संमतीच्या चौकटीत खूण करावी व पुढे जावे. प्राधिकरणाच्या आधार ॲपमध्येही ही सोय आहे. मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला नसेल तर यातले काहीच होत नाही. तो आधार केंद्रावर जाऊन जोडता येतो.

अडचण होते ती रेशन दुकानात. ई-पॉस मशीनवर ‘अंगठा लागत नाही’ असे सांगितले जाते आणि लोक हात धुऊन पुन्हा पुन्हा बोट टेकवतात. त्रुटी क्रमांक ३३० असेल तर कारण लॉक आहे. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, जे कष्टाने झिजलेल्या बोटांचे नेहमी होते. लॉक असल्यास तात्पुरते उघडावे. ते १० मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद होते, म्हणून रांगेत आपला नंबर आल्यावरच उघडावे.

आधार क्रमांकाचे लॉक वेगळे असते. त्यासाठी आधी १६ अंकी व्हीआयडी, म्हणजे आधार क्रमांकाऐवजी वापरता येणारा क्रमांक, तयार करावा लागतो.

मागच्या ६ महिन्यांत कुठे पडताळणी झाली, ते पोर्टलवरच्या इतिहासात दिसते. आपण न केलेला एईपीएस व्यवहार आढळल्यास लगेच लॉक लावावे, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि ३ कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी.