पारसिकचे कललेले थर आणि समुद्रातलं तेल

ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याहून पनवेलकडे जाताना पूर्वेला पारसिकची डोंगररांग लागते. ठाणे ते पनवेल या पट्ट्यात जिथे कातळ उघडा पडलाय तिथे नीट पाहिलं तर काळ्या बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे, थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला, कललेले दिसतात. माथेरानला हेच थर जवळजवळ आडवे आहेत. हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी आडवाच पसरला होता, तेव्हा कल नंतर आला हे उघड आहे. या कललेल्या पट्ट्याला भूवैज्ञानिक ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. थर नुसते वाकले की एखाद्या मोठ्या भ्रंशावरून (जिथे खडक तुटून सरकतो त्या भेगेवरून) घसरताना कलंडले, यावर त्यांच्यात वाद आहे. पण इथलं भूकवच ताणलं गेलं होतं, याबद्दल फारसं दुमत नाही.

ताण कशाचा? भारतापासून आधी मादागास्कर सुटलं आणि लाव्हाचे उद्रेक ओसरता ओसरता सेशेल्सही. खंड फाटतो तेव्हा आधी त्याचं कवच ताणून पातळ होतं. वरचा भाग कडक, त्यामुळे तो ताणाखाली तुटतो. तुटलेले ठोकळे भ्रंशांवरून खाली सरकतात आणि कप्प्यातलं एक पुस्तक काढल्यावर बाकीची कलंडावीत तसे एका अंगावर झुकतात. झुकलेल्या ठोकळ्यांमधल्या खोलगट जागा म्हणजे शाळेच्या भूगोलातली खचदरी. नद्यांचा गाळ तिथे साचतो. भ्रंशाच्या बाजूला जाड, विरुद्ध बाजूला पातळ.

एवढ्यावर थांबलं असतं तर खोरी उथळच राहिली असती. 1978 साली ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेन्झी यांनी पुढचा भाग गणितात मांडला. कवच पातळ होताना खालचा तप्त थर वर येतो. ताण संपल्यावर तो कोट्यवधी वर्षं निवत राहतो, निवताना आकसून जड होतो आणि वरच्या खोऱ्याला हळूहळू खाली ओढतो. त्यात गाळाचं वजन भर घालतं. म्हणून भ्रंश शांत झाल्यावरही तळ खचतच राहतो.

जमीन फाटते ती मात्र वाटेल तिथे नाही. भारताच्या पश्चिम काठाच्या खोऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एस. के. बिस्वास यांनी दाखवलं, की कच्छ, खंबात आणि नर्मदेच्या खचदऱ्या कितीतरी जुन्या खडकांतल्या कमजोर रेषा धरून उघडल्या; या रेषांच्या दिशांना धारवाड, अरवली आणि सातपुडा अशी नावं आहेत. आपला किनारा साधारण धारवाडची दिशा पकडून आहे. नव्या ताणाला जुनी कमजोरी आयतीच मिळाली!

वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडंही याच भेगाळलेल्या पट्ट्यातली. तिथे खाली ज्वालामुखी धुमसतोय असं अजूनही ऐकू येतं. तसं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं.

खरी श्रीमंती समुद्रात आहे. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर 1974 मध्ये सापडलेलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र म्हणजे मुळात उंच राहिलेला ठोकळा आहे. भोवतालच्या खड्ड्यांत सेंद्रिय द्रव्यानं भरलेला चिखल आणि कोळसा गाडला गेला आणि खोलीच्या उष्णतेनं त्याचं तेल-वायू झालं. उंचवट्यावर नद्यांचा गढूळपणा कमी पोहोचला, तिथे उथळ समुद्रात चुनखडक वाढला. तेल हलकं, ते वर सरकत या सच्छिद्र चुनखडकात शिरलं आणि वरच्या शेलच्या, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाच्या, थरानं ते अडवून धरलं. गाडलेला खड्डा आणि जवळच उंचवटा, दोन्ही देणारे भ्रंशच. उरणला पाइपलाइननं येणारं तेल आणि वायू मुख्यतः या चुनखडकातलं आहे. पण काही विहिरींत त्याहून खाली, तळाच्या बेसॉल्टमध्ये आणि त्याखालच्या प्राचीन ग्रॅनाइटमध्येही तेल लागलं. अशा घट्ट खडकात ते मावतं कुठे? भेगांमध्ये.